नारळापासून शेवटच्या इनामापर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांना तुम्ही बहुतेकजण भूगोलाचे शिक्षक म्हणून ओळखता. आमच्या भागातल्या लोकांना त्यांची आणखी एक ओळख होती. यात्रेच्या दिवशी दुपारी चारनंतर सर धोतराचा काचा मारून, गळ्यात शिट्टी अडकवून आखाड्यात पंच म्हणून उभे असत. पैलवानाचा खांदा मातीला लागला की नाही हे पाहायला ते गुडघ्यांवर बसत, कधी पालथे पडत, आणि निर्णय देऊन उठले की त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल मातीचे पट्टे उमटलेले असत. म्हणून या वर्षीच्या व्याख्यानासाठी मी कुस्तीच्या दंगलींचा विषय घेतला. आपल्या लहानपणी आपण यात्रेत ज्या कुस्त्या पाहिल्या, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

या विषयावर आपल्याकडे बोलणं होतं तेव्हा बहुधा दोन सूर लागतात. एक सूर ताकदीचा: तेव्हाचे पैलवान कसे होते, किती दूध पीत, किती जोर मारत. दुसरा सूर हळहळीचा: आता ते राहिलं नाही. दोन्ही सूर बघणाऱ्याचे आहेत. वर्तुळाबाहेर बसून शेंगा खात ज्यांनी कुस्ती पाहिली त्यांचे, म्हणजे माझे आणि तुमचे. वर्तुळात जो लढत होता तो त्या दिवशी कामावर आलेला होता. यात्रेची कुस्ती हा त्याचा धंदा होता, आणि इनाम ही त्याची मजुरी. आपल्या आठवणीत त्याची छाती आहे, त्याचे डाव आहेत, त्याचा हिशेब नाही. आज मला त्याबद्दलही बोलायचं आहे.

आधी आपली दंगल कशी भरायची ते नीट आठवू या, कारण समोर बसलेल्या तरुणांपैकी बऱ्याच जणांनी ती फक्त मोबाईलवर पाहिली असेल.

खान्देशात कुस्तीचा हंगाम यात्रांच्या तिथ्यांवर चालतो. पिकं निघून गेलेली, हातात थोडा पैसा, नद्या कोरड्या. चैत्र-वैशाखात धुळ्याला पांझराकाठी एकवीरा देवीची यात्रा, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा, आणि मधल्या काळात गावोगावच्या मरीमाता, खंडोबा, भवानी, पीरबाबा. आमच्याकडच्या बहुतेक यात्रांचा ठरलेला क्रम असायचा. आदल्या दिवशी भगत बारागाड्या ओढणार, रात्री तमाशा होणार, आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्या. उन्हाचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असायचा, म्हणून दंगल चार वाजेपर्यंत सुरू होत नसे. नदीच्या पात्रात किंवा गावाबाहेरच्या पडीक शेतात नांगर घालून, ढेकळं फोडून, पाणी शिंपडून जागा तयार केलेली असे. तालमीतल्या मातीची मशागत वेगळी. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर जिरवतात, आणि त्या मातीचा वास अंगाला कितीतरी वेळ राहतो. यात्रेच्या आखाड्याला एवढा थाट परवडत नसे. तिथं माती भुसभुशीत असली आणि तिच्यात खडा नसला म्हणजे पुरे.

पहिली कुस्ती नारळावरची. तिच्या आसपास अगदी लहान पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवरच्या. पाच-सहा वर्षांची पोरं चड्डी सावरत एकमेकांना धरायची आणि पडली की रडत आईला शोधायची. मग रुपयाच्या, दोन रुपयांच्या, पाचाच्या, अकराच्या, एकवीसच्या, एकावन्नच्या, आणि दिवस कलताना एकशे एक आणि त्याच्या पुढच्या. शेवटची कुस्ती सगळ्यात मोठ्या इनामाची. ती पाहिल्याशिवाय कुणी उठत नसे, मग ती गॅसबत्तीच्या उजेडात का होईना.

इनामाचा आकडा आधी पुकारला जायचा आणि मग जोड लागायची. दंगलीतला सगळ्यात नाजूक भाग हाच, आणि त्याच्याकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी असायचं. एखादा पैलवान लंगोटावर धोतर गुंडाळून, अंगावर टॉवेल टाकून वर्तुळात हळूहळू फिरतो. कुणाला तरी हात देतो. समोरचा त्याला नखशिखांत न्याहाळतो: मान किती, मनगट किती, कानाची पाळी मोडलेली आहे का. मोडलेला कान म्हणजे जुना खेळाडू. मग तो हात धरतो किंवा मान हलवून नाही म्हणतो. कधी वस्ताद मध्ये पडतो: "पोऱ्या अजून कच्चा आहे, एकवीसला लावा." कधी पंच दोघांचे खांदे एकमेकांना लावून उंची पाहतात. आमचे सर इथं फार कडक असत. वजनात फरक दिसला की लोक कितीही ओरडले तरी जोड मोडत. "इनाम तुम्ही देता, मान त्याची मोडते," असं ते एकदा वर्गणी देणाऱ्या एका बड्या माणसाला म्हणाल्याचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

जोड लागली की हलगीचा ठेका बदलायचा. दोघं देवाच्या दिशेनं हात जोडायचे, माती कपाळाला लावायचे, एकमेकांच्या अंगावर टाकायचे. माती टाकण्यात सलामी आहे आणि सोयही आहे. घामानं निसटणारं अंग मातीनं पकडीत येतं. मग शड्डू. रिकाम्या नदीपात्रात शड्डूचा आवाज दोन्ही काठांवर आदळून परत यायचा.

बसण्याची व्यवस्था ठरलेली नव्हती, पण ठरल्यासारखी होती. पुढं पोरं, त्यांच्यामागे उकिडवे बसलेले म्हातारे, त्यामागे उभे राहिलेले जवान, सगळ्यात मागे बैलगाड्यांवर चढलेले. आणि बाया? गावालगतचा आखाडा असला की धाब्यांच्या घरांवर बाया उभ्या असायच्या. त्या कुस्ती पाहायला आल्या आहेत असं कुणी म्हणत नसे. त्या वाळवण उचलायला, शेजारणीला भेटायला वर गेलेल्या असत. माझी आजी आयुष्यात कधी आखाड्याजवळ गेली नाही. पण कोणत्या गावचा पैलवान कोणत्या डावावर पडला हे तिला पाठ असायचं. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, तेव्हा मला त्या धाब्यांवरच्या बायांची फार आठवण झाली. आज आपल्या यात्रांतही मुलींच्या जोड्या लागतात आणि टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच पडतात.

आखाड्यात सगळे सारखे होते असं आपण अभिमानानं म्हणतो. त्यात तथ्य आहे. मालेगावचे, बुऱ्हाणपूरचे मुसलमान पैलवान आमच्या खंडोबाच्या यात्रेत लढायचे, आमची पोरं उरुसाच्या दंगलीत जायची, आणि वस्तादाच्या पायाला हात लावताना कुणी त्याचा धर्म पाहत नसे. पण प्रत्येक गावच्या तालमीचं दार प्रत्येक वस्तीला सारखंच उघडं होतं, असं मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. गावातलं अंतर तालमीच्या उंबऱ्यापर्यंत बऱ्याचदा यायचं. दंगलीत ते थोडं कमी व्हायचं, कारण तिथं सगळ्या गावांचे लोक बघत असत.

आपल्या भागाला राज्याच्या कुस्तीत उशिरा स्थान मिळालं असा एक समज आहे. तो खरा नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 साली औरंगाबादला सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. दुसऱ्याच वर्षी, 1962 साली, ही स्पर्धा धुळ्यात झाली आणि भगवान मोरे विजयी झाले. 1966 साली ती जळगावात आली. ते वर्ष दीनानाथ सिंह यांचं. उत्तर प्रदेशातून कोल्हापुरात येऊन तालमीत घडलेला हा मल्ल पुढे हिंदकेसरीही झाला. 1977 साली चाळीसगावला स्पर्धा झाली. पहिल्या सोळा-सतरा वर्षांत तीन वेळा खान्देशाच्या मातीत राज्याची गदा ठेवली गेली. पश्चिम महाराष्ट्रात राजाश्रय होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान 1912 साली उभं केलं. आपल्याकडे संस्थानिक नव्हता, दगडी मैदान नव्हतं. वर्गणी होती, रेल्वे होती आणि कुस्ती बघायला चालत येणारी माणसं होती.

चाळीसगावच्या 1977 च्या स्पर्धेची नोंद एकाच शब्दाची आहे: अनिर्णित. त्या वर्षी महाराष्ट्र केसरी कुणीच झालं नाही. अशी आणखीही काही वर्षं या यादीत आहेत. आजच्या पद्धतीत हे होऊ शकत नाही. आज कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, गुण मोजले जातात, गुण सारखे झाले तरी विजेता काढायचे नियम आहेत. जुन्या निकाली कुस्तीत पाठ लागली तर निकाल, नाही लागली तर नाही. मला त्या रिकाम्या नोंदीबद्दल आदर वाटतो. हजारो लोक जमवून, वर्गणी काढून, मांडव घालून शेवटी पंचांनी सांगायचं की गदा देण्यासारखा निकाल लागलेला नाही, याला धैर्य लागतं.

निकाली कुस्ती म्हणजे काय ते एका कुस्तीवरून सांगतो. पैलवानांची नावं सांगत नाही, दोघांची कुटुंबं या परिसरात आहेत. एक आमच्या तालुक्यातला, उंच, हाडापेरानं मोकळा. दुसरा बाहेरचा, बुटका, मान खांद्यात गेलेली. बुटका पहिल्याच झटक्यात एकेरी पट काढून आमच्या पैलवानाच्या मागे गेला आणि त्याला खाली घेऊन वर बसला. त्यानंतर किती वेळ गेला ते मोजायला आखाड्यात घड्याळ नव्हतं. बुटक्यानं घिस्सा मारला, निघाला नाही. सवारी भरली, आमच्यानं पाय पसरून ती सोडवली. लोक सुरुवातीला ओरडत होते, "धर रे त्याले, सोडू नको!" मग आवाज कमी झाला. हलगीवाल्यानंही ठेका मंद केला. दोघांच्या अंगावरची माती ओली होऊन काळी पडली होती, आणि जवळ बसलेल्यांना फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. आमच्या पैलवानाची हनुवटी मातीत रुतलेली. त्याचा डावा हात मात्र हळूहळू, बोटाबोटानं, बुटक्याच्या मनगटाकडे सरकत होता. ते फक्त पंचांना आणि पुढं बसलेल्या आम्हा पोरांना दिसत होतं. मनगट हाती लागलं तेव्हा तो एका अंगावर वळला, कोपर आत ओढलं आणि बगलेतून निसटून वर आला. पुढच्या क्षणी दोघं उभे, आणि बुटका सावरायच्या आत त्याच्यावर ढाक. तो हवेतून जाऊन पाठीवर पडला. सरांची शिट्टी वाजली आणि सगळं वर्तुळ आत धावलं.

आमचा पैलवान खांद्यावरून मिरवला. मग तो खाली उतरला आणि ओंजळ करून वर्तुळाभोवती फिरला. कुणी रुपया दिला, कुणी दोन, म्हाताऱ्यांनी कनवटीची नाणी काढली. जिंकलेला पैलवान असा फिरायचा आणि त्याला कमीपणा वाटायचा नाही. लोक म्हणायचे, खुराकाला देतो आहोत. हरलेला बुटका पाठीवरची माती झटकत, कपड्यांचं बोचकं उचलून निघाला होता. सरांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि इनामातून नाही, समितीच्या पेटीतून, येण्याजाण्याचं भाडं दिलं. त्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या यात्रेत उतरायचं होतं.

सरांकडे यात्रेच्या हिशेबाची वही असायची. निवृत्तीनंतर त्यांनी ती मला वाचायला दिली होती. जमेच्या बाजूला गावची वर्गणी: घरटी इतकी, पिठाच्या गिरणीकडून इतकी, कापसाच्या जिनिंगकडून इतकी, केळीच्या व्यापाऱ्याकडून इतकी. खर्चाच्या बाजूला हलगीवाले, गॅसबत्त्यांचं भाडं, नारळ, रेवड्या, बाहेरगावच्या पैलवानांचं जेवण. आणि मग इनामांची लांबलचक यादी. प्रत्येक इनामापुढे जोडीतल्या दोघांची गावं, आणि शेवटी निकाल किंवा "बरोबरी". बरोबरीत सुटली तर इनाम अर्धं-अर्धं. ती वही वाचताना दंगलीतली आपली जागा मला वेगळी दिसायला लागली. एकच गाव, एकच पैलवान, आठ-दहा वर्षं पुन्हा पुन्हा भेटत होता. आधी अकराला, मग एकावन्नला, मग शंभराच्या पुढे, मग काही वर्षं तिथंच थांबलेला, आणि नंतर परत एकावन्नला, एकवीसला. एका माणसाचा अख्खा धंदा त्या वहीत चढून उतरलेला होता.

या हिशेबाच्या उजेडात मला नुरा कुस्तीबद्दल बोलायचं आहे. नुरा म्हणजे ठरवून लढलेली कुस्ती. दोघं आधीच बोलून घेतात, वरवर झटापट करतात, बरोबरीत सोडवतात, इनाम वाटून घेतात. लोकांच्या हे लवकर लक्षात यायचं. "नुरा, नुरा!" असा गलका व्हायचा, पंच दोघांना आखाड्याबाहेर काढायचे, कधी पोरं ढेकळं मारायची. आपल्या भाषेनं हा शब्द उचलून राजकारणातल्या खोट्या भांडणांना लावला, इतका त्याचा राग आपल्या मनात आहे.

त्या पैलवानाच्या जागी उभं राहून पाहा. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. आज या गावात, उद्या तिसऱ्या गावात, परवा मालेगावकडे. गुडघा सुजलेला, बरगडीला मार. दवाखान्याचा खर्च कुणी देत नाही. निकाली कुस्ती करून एखादा सांधा निखळला तर उरलेला हंगाम गेला आणि वर्षभराचा खुराक गेला. समोरचाही त्याच दशेत. अशा वेळी दोघांनी एकमेकांची अंगं सांभाळून अर्ध्या इनामावर घरी जायचं ठरवलं, तर ती लोकांची फसवणूक आहेच, मी तिचं समर्थन करत नाही. सरांनीही कधी केलं नाही. नुरा दिसली की ते इनाम जप्त करून पेटीत टाकायचे. पण ढेकळं मारणाऱ्या आपल्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही की वर्षातले उरलेले नऊ-दहा महिने हा माणूस काय खातो. आपल्याला त्याच्याकडून रोज खरी पाठ हवी होती. तिची किंमत आपण एकवीस रुपये ठरवली होती.

धंद्याची कुस्ती जगात सगळीकडे होती आणि सगळीकडे ती प्रांताप्रांतांत वाटलेली होती. अमेरिकेत गेल्या शतकात प्रत्येक भागाचा आपला ठेकेदार, आपले पैलवान, आपलं स्थानिक टीव्ही केंद्र असे. तिथं निकाल ठरलेला असायचा, लोकांना ते थोडंफार माहीतही असायचं, आणि तरी गावातली माणसं दर आठवड्याला आपल्या नायकासाठी घसा कोरडा करायची. 1982 साली विन्स मॅकमॅहन यांनी वडिलांची कंपनी विकत घेतली आणि केबलच्या जोरावर ती देशभर नेली. काही वर्षांत प्रांतांच्या कुस्त्या बंद पडल्या. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी टीव्हीवर दिसणारी कुस्ती 1980 च्या दशकात थांबली. त्या पिढ्या आजही त्याबद्दल आपल्यासारख्याच हळहळतात.

आपल्याकडे या प्रकाराचा मोठा चेहरा दारासिंग. किंगकाँगबरोबरच्या त्यांच्या लढती, आणि 29 मे 1968 रोजी मुंबईत लू थेझ यांना हरवून मिळवलेलं जागतिक विजेतेपद. खान्देशातल्या माणसानं ते मुंबईला जाऊन पाहिलं नाही. त्यानं दारासिंग तंबूतल्या सिनेमात पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तालमीत वस्तादाला विचारलं की हे खरं असतं का. 1990 नंतर केबल आली आणि आमच्या पुढच्या पिढीच्या दप्तरांत अंडरटेकरची पत्त्यांसारखी कार्डं आली. मधल्या सुट्टीत पोरं उंची, वजन आणि क्रमांक पुकारून डाव खेळायची. त्यांना मी दोष देत नाही. त्या कार्डांवर पैलवानाची निदान माहिती छापलेली होती. आपल्या दंगलीत पाच-पाच वर्षं येणाऱ्या पैलवानाचं पूर्ण नाव आपल्याला माहीत नसे. "पारोळ्याचा," "बुऱ्हाणपूरचा," एवढीच त्याची ओळख.

पण अमेरिकेतल्यासारखं आपल्याकडे झालं नाही. केबल आली, मोबाईल आला, यात्रेच्या दंगली टिकल्या. माझ्या मते याचं कारण त्यांची तिथी आहे. ठेकेदाराची कुस्ती विकत घेता येते. मरीमातेची यात्रा कोण विकत घेणार? गावानं वर्गणी काढायची, देवीच्या नावानं नारळ फोडायचा आणि कुस्ती लावायची, हे जोपर्यंत चालतं तोपर्यंत दंगल गावाच्या मालकीची राहते. आजही चैत्र-वैशाखात या पट्ट्यात फिरलात तर नांगरलेल्या वर्तुळाभोवती माणसं दिसतील.

बदल झाला तो दुसऱ्या बाजूनं. आता मोठी दंगल पुढाऱ्याच्या वाढदिवसाला भरते. जामनेरला गेल्या काही वर्षांत कुस्तीचे मोठे मेळे झाले, परदेशी मल्ल आले, लोकांनी प्रचंड गर्दी केली. इनामं लाखांत गेली, आणि त्याचा मला आनंद आहे. पैलवानाला लाख रुपये मिळाले म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण लाखाचं इनाम वरच्या पाच-दहा जोड्यांना मिळतं. एकवीसवरून एकावन्नला चढणाऱ्या पोराची पायरी गावच्या यात्रेतच आहे. ती मोडली तर वर कोण येणार?

विजय चौधरी यांचं उदाहरण घ्या. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा हा मुलगा पुण्यात जाऊन घडला. 2014 ला अहमदनगर, 2015 ला नागपूर, 2016 ला पुणे, सलग तीन वर्षं तो महाराष्ट्र केसरी झाला. त्याच्या आधीची सलग तीन वर्षं नरसिंग यादवांची होती. चाळीसगावची गदा 1977 साली कुणालाच मिळाली नव्हती. त्याच तालुक्याच्या पोरानं तीन गदा घरी आणल्या. सरकारनं त्यांना पोलीस उपअधीक्षक केलं आणि पुढे त्यांनी पोलिसांच्या जागतिक स्पर्धेतही सुवर्णपदक मिळवलं. तिसऱ्या गदेनंतर जळगाव जिल्ह्यात जो जल्लोष झाला तो माझ्या पिढीनं आपल्या आयुष्यात दुसऱ्या कुठल्या खेळासाठी पाहिलेला नाही. त्या जल्लोषात गावोगावचे पन्नाशी-साठीतले पैलवान होते, पांढरे फेटे बांधून. त्यांच्यापैकी कुणाला नोकरी मिळाली नव्हती. कुणी दूध विकत होतं, कुणी बाजार समितीत हमाली करत होतं, कुणी दुसऱ्याच्या शेतावर सालदार होतं.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण शाळेत शिकवतो. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि ते कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ती वर्गणीही यात्रेच्या वर्गणीसारखीच, घरोघरची. खाशाबांचे पुढचे दिवस मात्र हालाखीत गेले आणि 1984 साली अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पद्म पुरस्कार त्यांना आजवर मिळालेला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. ऑलिंपिक पदकाचं हे झालं, तर एकशे एक रुपयांच्या इनामाचं काय झालं असेल?

राज्य सरकार वयोवृद्ध मल्लांना मानधन देतं. पण त्यासाठी कागद लागतो, आणि यात्रेतल्या पैलवानाकडे कागद नसतो. त्याला इनाम हातात मिळालं, फेटा डोक्यावर बांधला गेला, प्रमाणपत्र कुणी दिलं नाही. त्याच्या कारकिर्दीचा पुरावा कुठे असेलच तर सरांच्या वहीसारख्या वह्यांत, यात्रा समित्यांच्या ट्रंकांत, छापलेल्या जुन्या हँडबिलांत. त्या वह्या वाळवी खाते आहे. वही सांभाळणारे जिभाऊ गेले की त्यांची मुलं ट्रंक रिकामी करतात आणि जुने कागद रद्दीत जातात.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्तानं व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांपुढे मी एक काम ठेवलं आहे आणि त्यांनी ते मान्य केलं आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या यात्रा समित्यांकडे जायचं, दंगलीच्या वह्या मागायच्या, त्यांची छायाचित्रं काढायची आणि वही समितीला परत द्यायची. ज्या पैलवानांची गावं त्यात सापडतील, त्या गावी जाऊन ते हयात असतील तर त्यांना भेटायचं. सुरुवात सरांच्या वहीपासून होईल. त्यांच्या मुलीनं ती आजच माझ्याकडे दिली आहे.

समोर डाव्या बाजूला, खुर्च्या असूनही भिंतीला टेकून बसलेले पाच-सहा जुने पैलवान मला दिसत आहेत. कान पाहून ओळखता येतं. आबा, बापू, व्याख्यान संपल्यावर तुम्ही लगेच बसस्टँडकडे निघू नका. चहा आहे, आणि आम्हाला तुमच्याकडून काही गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत. पूर्ण नाव, वस्तादाचं नाव, पहिली कुस्ती कोणत्या गावात आणि शेवटची कोणत्या. शरीराला काय लागलं आणि ते कुणी बरं केलं. सगळ्यात मोठं इनाम किती मिळालं, आणि त्या पैशाचं घरी काय झालं.